सीपीयू, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं बदललं आणि आता पीसी सुरूच होत नाहीये, फॅन फिरतात पण स्क्रीन काळी. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० सीपीयू होता तो काढून ५६०० बसवला, आधीच्या दोन रॅमच्या जोडीला आणखी दोन टाकल्या, ग्राफिक्स कार्ड नवीन, वर एक एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी एसएसडी) पण लावली, आणि हे सगळं एकाच बैठकीत. आता बटण दाबलं की फॅन फिरतात, लाइट लागतात आणि मॉनिटर नो सिग्नल दाखवून झोपून जातो.

एसएमपीएस नका बदलू, निदान आज तरी नको. चार गोष्टी एकदम बदलल्यात, त्यात पाचवी बदललीत तर नक्की कुठे अडलंय ते शोधणं अजून अवघड होईल. आणि फॅन फिरतायत यावरून फार काही कळत नाही बरं का, फॅनला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, सीपीयू जागा आहे की नाही याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं.

माझा पहिला संशय बायोसवर आहे, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरवर, कारण तुमच्या अख्ख्या प्रश्नात बायोस हा शब्दच नाहीये. बी४५० बोर्ड आले २०१८ मधे आणि ५६०० आला २०२२ मधे. सॉकेट तोच एएम४, त्यामुळे सीपीयू बसतो अगदी मस्त, लिव्हर पण आरामात खाली जाते, पण बोर्डच्या बायोसमधे त्या सीपीयूची माहितीच नसेल तर तो त्याला ओळखणार कसा. मग जे तुमच्याकडे होतंय तेच होतं, फॅन जोरात आणि बाकी शांतता. बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पेजवर सीपीयू सपोर्टची लिस्ट असते, त्यात ५६०० च्या पुढे कुठल्या व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव बोर्डवरच छापलेलं असतं ते नीट बघून घ्या, रिव्हिजन नंबरसकट, एका अक्षराच्या फरकाने बायोसची फाइल वेगळी असते.

आता बायोस अपडेट करायचा तर पीसी सुरू व्हायला हवा आणि पीसी सुरू व्हायला बायोस अपडेट हवा, अशी गंमत आहे. काही बी४५० बोर्डांना मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं छोटं बटण असतं, ते असेल तर सीपीयूशिवायही काम होतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मधे फॉरमॅट करायचा, मॅन्युअलमधे सांगितलंय त्याच नावाने फाइल टाकायची, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमधेच लावायचा, बटण दाबायचं आणि लाइट लुकलुकायची थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. बरीच मिनिटं लागतात, अडकलंय असं वाटून मधेच बंद केलंत तर मग खरंच अडकेल.

पण बटण असलं तरी मी तुमच्या जागी असतो तर जुना २६०० परत लावला असता. नुसता सीपीयू नाही, सगळंच जुनं, जुन्या दोन रॅम, जुनं कार्ड, जुनी डिस्क, एनव्हीएमई बाहेर. कंटाळवाणं आहे मान्य आहे, पण त्यातून एका फटक्यात कळतं की दोष नवीन पार्टमधे आहे की काम करताना आपल्याच हातून काहीतरी हललंय.

कूलर काढताना मात्र सांभाळा. एएम४ मधे पिना सीपीयूलाच असतात आणि लिव्हर बंद असली तरी ओढल्यावर तो सुटून येतो. मी एकदा जुना, थर्मल पेस्ट (सीपीयू आणि कूलरच्या मधली) वाळलेला कूलर सरळ वर ओढला, कट्ट करून आवाज आला आणि बघतो तर सीपीयू कूलरच्या बुडाला चिकटून आलेला, लिव्हर अजून बंदच. कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या होत्या. लीड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीचं टोक एकेका पिनेवर घालून हळूहळू सरळ केल्या, अर्धा तास श्वास रोखून, आणि नशीब म्हणून चालला. तुमची पेस्ट ताजी आहे त्यामुळे एवढं घट्ट नसेल, तरी आधी कूलर डावीउजवीकडे थोडा पिळा, सैल झाला की मगच उचला. हातात सीपीयू आलाच आहे तर उजेडात तिरका धरून पिनांच्या रांगा बघून घ्या, एखादी वाकडी असेल तर लगेच डोळ्यात येते. २६०० काढताना असा ओढला होतात का ते पण आठवा, कारण मग त्याच्याही पिना बघायला लागतील.

जुना सेटअप सुरू झाला तर अर्ध्याहून जास्त काम झालं. त्यातच बायोस अपडेट करा, अपडेटच्या खाली लिहिलेल्या सूचना वाचून, कारण काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं. मग फक्त सीपीयू बदला आणि सुरू करून बघा. मग कार्ड. मग रॅम. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून, वायर काढून.

आणि जुना सेटअप पण सुरू नाही झाला तर? मग पार्ट सोडा आणि जोडणी बघा. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सीपीयूसाठी ८ पिनची पॉवर असते, कूलर बसवताना ती हमखास सैल होते किंवा लावायचीच राहते, आणि ती नसली तरी फॅन फिरतात, म्हणून लोक तासन्‌तास रॅम घासत बसतात (हो, मी पण बसलोय). तिचा प्लग ४+४ असा फुटतो, ग्राफिक्स कार्डचा ६+२ असा. दिसायला भावंडं, पण वायरिंग उलटसुलट, त्यामुळे जोर लावून बसवायचा प्रकार करू नका. कार्डला पण त्याची स्वतःची पॉवर लागते, स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, ८ पिनच्या एका प्लगमधून आणखी १५०. आणि केबल मॉनिटरपासून कार्डलाच गेलीये ना? २६०० आणि ५६०० दोघांनाही आतले ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे बोर्डच्या एचडीएमआयला लावून काहीच दिसणार नाही, सगळं ठीक असलं तरी.

बोर्डच्या कडेला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट अशा चार बारीक लाइट आहेत का बघा, सगळ्या बोर्डांना नसतात. सुरू केल्यावर त्या एकेक करून लागून विझतात, जी लागून राहते तिथे गाडी अडली. सीपीयूवर अडली तर वर सांगितलं तेच, बायोस, पिना, ८ पिन. डीरॅमवर अडली तर चारही रॅम काढा आणि एकच लावा, सीपीयूपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमधे. बसवताना क्लिप स्वतःहून कट्ट करून बंद व्हायला हवी, तुम्ही बोटाने बंद केलीत तर ती बसलेलीच नाहीये. बऱ्याच बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट वर राहिलेली पटकन कळतच नाही.

रॅमचं अजून एक. जुन्या दोन आणि नवीन दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या, म्हणजे स्टिकरवर दोन्हीकडे ३२०० लिहिलेलं असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि चारही एक्सएमपीच्या, म्हणजे स्टिकरवरच्या, स्पीडला चालतीलच असं नाही. म्हणून आधी सीमॉस क्लिअर करा (बायोसची सेटिंग मूळपदावर आणा), वायर काढून बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा किंवा मॅन्युअलमधला जंपर वापरा. त्याने एक्सएमपी बंद होऊन रॅम साध्या स्पीडला येते. साध्या स्पीडला चारही चालल्या आणि एक्सएमपी लावल्यावर परत अडल्या तर स्पीड एक पायरी खाली आणा, २९३३ वगैरे, रोजच्या वापरात फरक कळणार पण नाही. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा बोर्ड एकदोनदा स्वतःच बंद होऊन सुरू होतो ते नॉर्मल आहे, लगेच बटण दाबून मारू नका.

एनव्हीएमई शेवटी लावा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते तो) आणि एकदोन साटा पोर्ट (जुन्या डिस्कची केबल लागते ते) एकच लाइन वाटून घेतात, त्यामुळे नवीन लावली की जुनी डिस्क गायब झाली असं वाटतं. डिस्क गेलेली नसते, केबल दुसऱ्या साटा पोर्टला लावली की येते. कुठले पोर्ट बंद होतात ते मॅन्युअलमधल्या टेबलमधे असतं.

डिस्प्ले आल्यावर एक फसवा प्रकार होऊ शकतो म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. नवीन सीपीयू सापडला, एफटीपीएम (सीपीयूमधली सुरक्षा किल्ल्या ठेवायची सोय) रीसेट करू का, अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज काळ्या स्क्रीनवर येतो आणि वाय किंवा एन दाबायला सांगतो. विंडोजमधे बिटलॉकर (डिस्क लॉक करणारी सोय) चालू असेल आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबू नका, एन दाबा आणि आधी ती की शोधा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सहसा मिळते. बिटलॉकर नसेल तर बिनधास्त वाय. त्यानंतरही विंडोज न येता बायोसमधेच जात असेल तर अपडेटमुळे सेटिंग मूळपदावर गेलेत, जुनं विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवर असेल तर बायोसमधे सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू करून बघा. फॉरमॅट मारायची घाई करू नका.

एसएमपीएसकडे वळायचंच झालं तर हे सगळं करून झाल्यावर. आणि बदललात तर जुन्याच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबल नवीनला लावू नका, प्लग बसला तरी. मला केबल परत ओवायचा कंटाळा आला होता म्हणून मी तेच केलं होतं. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि दोन डिस्क एका सेकंदात गेल्या, वास पण आला.

बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि कुठली लाइट लागून राहते तेवढं खाली लिहा, मग बघू.