अकरा वेळा फेडलेले ४७० रुपये

माझ्याकडे समुपदेशनाला आधी आल्या त्या वहिनी, एकट्याच. पर्समधून पावत्यांची चळत काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. सगळ्या त्यांच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या), उपकारस्तुतीच्या दानाच्या. रक्कम प्रत्येकीवर एकच: १,८८०. मी मोजल्या, अकरा भरल्या.

"दोन वर्षांत हे एवढं झालंय, ताई. मुलीच्या क्लासची फी थकली तेव्हा मला कळलं. पाळकसाहेब म्हणतात विश्वास कमी पडतोय. सासूबाई म्हणतात कुणीतरी करणी केलीय. मला काय वाटतं ते मी कुणापुढे बोललेच नाही."

त्यांचे यजमान, भाऊ, पुढच्या आठवड्यात आले. (त्यांना इथे भाऊच म्हणते. ओळख पटू नये म्हणून बरंच काही बदललंय, आणि हे लिहायला त्यांची हरकत नाही.) एसटीत कंडक्टर, नोकरीला वीस वर्षं झालेली. घराणं नगर जिल्ह्यातलं, तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. तिथल्या कितीतरी घरांत असते तशी यांच्याही घरी आजोबांची, कापडी बांधणीची बायबलची प्रत होती. ती ते बरोबर घेऊन आले होते. बसल्यावर मांडीवर ठेवली आणि हात तिच्यावरून काढलाच नाही.

गोष्ट साधी होती. बारा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईंनी पाचशेची नोट दिली. तिकीट तीस रुपयांचं. सुटे नव्हते म्हणून यांनी तिकिटामागे ४७० लिहून दिलं, "उतरताना घ्या" म्हणाले. गर्दीत बाई तशाच उतरल्या. यांच्या ते लक्षात आलं, पण गाडी सुटली होती. रात्री आगारात हिशोब दिला, रोकड भरली, तर ४७० वर उरले. ते त्यांनी खिशात टाकले.

बायबलमध्ये जक्कय नावाचा जकातदार प्रभू येशूला म्हणाला होता की कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करीन. लूकचा एकोणिसावा अध्याय. बाई काही सापडल्या नाहीत, तेव्हा भाऊंनी ४७० गुणिले चार करून मंडळीत भरले. इथवर सगळं चोख. माझ्या मते तर सुंदरच. पण भरताना मन पूर्ण खरं होतं का, ही शंका आली. म्हणून पुन्हा भरले. मग पुन्हा.

खरी भीती मात्र ४७० रुपयांची नव्हती. ती तिसऱ्या भेटीत बाहेर आली. त्याआधी त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि पेला घेतात तेव्हा, भाकरीचा तुकडा हातात असताना पवित्र आत्म्याबद्दल एक घाण शिवी त्यांच्या मनात आली. आणली नाही, आली. तेव्हापासून दीड वर्ष त्यांनी प्रभुभोजन घेतलं नव्हतं. मत्तय १२: पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही. "मग ताई, माझं तर संपलंच ना?"

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी नर्सिंगच्या मुलीकडून, कधी निवृत्त शिक्षकांकडून. वसईकडची कॅथलिक मंडळी येतात तेव्हा फक्त शब्द बदलतात. ते पापनिवेदनाला एका फादरांकडे जाऊन येतात, मग "ते नीट सांगितलं नाही" म्हणून दुसऱ्या चर्चमधल्या फादरांकडे जातात. आपल्याकडे याला जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. कुणाला हात धुण्याचा असतो, कुणाला कुलूप तपासण्याचा. देवाधर्मात मुरलेल्या माणसाला तो पापाचा होतो, कारण हा आजार माणसाला जे सगळ्यात मोलाचं वाटतं तिथेच नेमका चावतो. इंग्रजीत या प्रकाराला जो शब्द आहे त्याच्या मुळाशी लॅटिनमधला टोकदार खड्याचा शब्द आहे. चपलेत गेलेला खडा समजा. दिसायला एवढासा, पण पाऊल टाकू देत नाही.

आता माझी चूक सांगते. त्या दिवशी मी त्यांना धीर दिला. मीही उपासनेत वाढलेली, वचनं तोंडावर. १ योहान १:९ काढून दाखवलं: "जर आपण आपली पापे पदरी घेतली" तर तो क्षमा करील. भाऊंचा चेहरा उजळला. मला वाटलं, जमलं. पुढच्या खेपेला वहिनींचा फोन आला की हे आता संडासातसुद्धा ते वचन पुटपुटतात. एकवीस वेळा म्हणायचं, मध्ये दुसरा विचार आला की पहिल्यापासून. मी दिलेल्या वचनाचा त्यांनी उतारा केला होता, आणि उताऱ्याचा असर काही तासच टिकतो. मंत्रचळात धीर देणं म्हणजे खाज सुटलेल्या जागी खाजवून देणं. त्या क्षणी बरं वाटतं आणि खाज वाढते.

तेव्हा मी वचनं सांगणं थांबवलं. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर माणूस तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो. "गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही का?" असं त्यांनी विचारलंच. साखरेची गोळी घेता ना, म्हटलं. हसले नाहीत, पण घेतली.

मग पाळकसाहेबांना भेटायला गेले. माणूस भला. भाऊंचे फोन रात्री अकरालाही घ्यायचे, दर वेळी कबुली ऐकायचे, प्रार्थना करायचे. आणि थकून कधीतरी "विश्वास ठेवा हो" म्हणून ओरडायचे. मी त्यांना प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची आठवण दिली. मठात असताना तो एकेकदा सहा-सहा तास पापं सांगत बसायचा, आणि त्याचे गुरू श्टाउपिट्झ वैतागायचे, म्हणतात. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचंही तसंच, ज्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर पुढे गोव्याला आले. स्पेनमधल्या मोन्सेरातला तीन दिवस लागले एवढी लेखी कबुली देऊन झाली, तरी १५२२ मध्ये मान्रेसाला त्यांना "काहीतरी सांगायचं राहिलं" या शंकेने असं ग्रासलं की जीव द्यावासा वाटला. सुटका झाली ती मागची पापं पुन्हा सांगायची नाहीत असं त्यांनी ठरवलं तेव्हा. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे मी ऐकायचंच नाही?" एकदा ऐकलंय ना, मी म्हटलं. ठरलं असं, की पुन्हा तीच कबुली आली तर त्यांनी एवढंच म्हणायचं: "याचं उत्तर मी दिलेलं आहे, आज पुन्हा देणार नाही. जेवलात का?" सुरुवातीला त्यांना हे फार निष्ठुर वाटलं.

आता शास्त्राचं. भाऊ रोज वाचायचे, पण कसं? डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, बोटाखाली जे येईल तो आजचा निकाल. मी ती प्रत हातात घेतली तर इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचं पान बोटांनी काळं पडलेलं. विश्वासातून ढळलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं जिथे म्हटलंय ते. पुस्तक आपोआप तिथेच उघडायचं! जिथे सगळ्यात जास्त वेळा उघडलं गेलं तिथेच कणा सैल होणार. हे मी त्यांना दाखवलं. दोनदा पुस्तक टेबलावर उभं धरून सोडलं, दोन्ही वेळा तेच पान. ते बराच वेळ बांधणीकडे बघत राहिले.

मग आम्ही सलग वाचायचं ठरवलं. एका बैठकीत एक उतारा, पुढचं-मागचं धरून, आणि एकदाच. मत्तयातल्या त्या वचनाच्या आधी काय आहे? प्रभूने एका आंधळ्या-मुक्या माणसाला बरं केलं आणि परूशी, म्हणजे तिथले कर्मठ धर्मपुढारी, म्हणाले, हे सैतानाच्या बळावर. मार्कात तर तिसऱ्या अध्यायात कारणच दिलंय: त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे असं ते म्हणत होते, म्हणून. डोळ्यांदेखत झालेलं चांगलं काम पाहून, समजून-उमजून त्याला सैतानाचं म्हणणारी आणि वर मान ताठ असलेली माणसं. दीड वर्ष रडणारा माणूस त्या रांगेत कुठे बसतो? जी गोष्ट मनात येऊन आपल्यालाच शिसारी आणते ती आपली निवड नसते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रभुभोजनाची भाकर "अयोग्य प्रकारे" खाणारे कोण होते तेही वाचलं. पोटभर जेवून, पिऊन आलेले आणि गरिबांना उपाशी ठेवणारे. हे सगळं मी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, "वहीत लिहिलंय ना?"

एक दिवस मी विचारलं, देव कसा दिसतो तुम्हाला? पाळकाला द्यायचं उत्तर नको, रात्री अडीच वाजता कसा दिसतो? ते थांबले. म्हणाले, "चेकिंगची गाडी." कुठल्या वळणावर उभी असेल सांगता येत नाही. हात दाखवतात, गाडी थांबते, दोघं चढतात. मशीन मागतात, बॅग मागतात, माणसं मोजतात. वीस वर्षांत एकदाही काही सापडलं नाही, तरी ती पांढरी जीप दिसली की अजून पोटात गोळा येतो.

मला वाटतं त्या दिवशी कामाला खरी सुरुवात झाली. आपण देवाचे गुण पाठ करतो आणि डोक्यात बसलेला देव वेगळाच असतो. निर्गम ३४ मध्ये देव स्वतःची ओळख सांगतो, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. आणि सांगतो कधी? इस्राएल लोकांनी त्याला सोडून सोन्याचं वासरू करून पुजल्यावर. "मंदक्रोध"ला मूळ इब्रीत जो वाक्प्रचार आहे त्याचा शब्दशः अर्थ लांब नाकाचा. राग नाकात चढतो, आणि नाक लांब असलं की चढायला वेळ लागतो! आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच बसतो. भाऊ पहिल्यांदा हसले ते या नाकावर.

लूक १५ आम्ही तीन आठवडे वाचत होतो. त्यातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत, बापाकडून घेतलेला वाटा उडवून बसलेला धाकटा मुलगा डुकरांत बसून बापापुढे काय बोलायचं ते घोकतो. मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला चाकर म्हणून ठेवा. भाऊंचा हिशोबाचा डोळा. घरी पोचल्यावरचा भाग वाचताना त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा वर गेले, खाली आले. "ताई, यात दोनच वाक्यं आहेत. चाकराचं राहिलं." मग? "बापाने पुरं होऊच दिलं नाही. झगा आणा म्हणाला." मी काही बोलले नाही. बोलायचं फार मनात होतं.

"पदरी घेणे" याबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. मराठी अनुवादातला हा शब्द मला फार आवडतो. हे माझं, मी केलं, एवढं म्हणून वस्तू पदरात घ्यायची. ती पुन्हा पुन्हा पदरातून काढून दाखवायची नसते. खरी टोचणी एका ठरावीक गोष्टीवर बोट ठेवते: ४७० रुपये, अमुक बाई, परत कर. ते केलं की ती गप्प बसते. मंत्रचळाची टोचणी "नीट झालं का" असं विचारत राहते आणि कुठलंच उत्तर तिला पुरत नाही. तुमच्या घरी कुणी याच चक्रात असेल तर त्याला आणखी वचनं देऊ नका, आणखी उपासही नकोत. तज्ज्ञाकडे न्या. आणि जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर वाट बघू नका. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतूनही बोलता येतं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात. भीती वाटेल ते करायचं आणि नेहमीचा उतारा घ्यायचा नाही. वाईट विचार आला तर त्याची माफी मागायची नाही, तो जाऊ द्यायचा. मुद्दाम देवनिंदा करायला मी कधीच सांगत नाही. पाळकसाहेबांना हे आधीच स्पष्ट केलं होतं. बाराव्यांदा १,८८० भरायची उबळ आली तेव्हा ते पैसे क्लासच्या फीमध्ये गेले. त्या रात्री भाऊ झोपले नाहीत. दुसऱ्या रात्री झोपले.

आठव्या महिन्यात त्यांनी प्रभुभोजन घेतलं. शिवी आली का, मी विचारलं. "आली ना. भाकरीबरोबरच आली." मग? "चावलं आणि गिळलं." वहिनी म्हणाल्या की त्यांचा हात इतका थरथरत होता की शेजारच्या काकांनी पेला धरला.

परवा रात्री ११:४० ला भाऊंचा मिस्ड कॉल होता. मी उचलला नाही, उलटा लावलाही नाही. पण झोप लागेना, दोनदा उठून फोन पाहिला. सकाळी मेसेज आला: "ताई, चुकून लागला नव्हता. विचारायचंच होतं. पण एक रिंग झाल्यावर कट केला. पहाटेची ड्यूटी आहे, निघतो."