मामा गोंधळ घालतात, मग मी डिग्री कशाची करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातली, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामा गोंधळ घालतात, संबळ लहानपणापासून कानावर आहे पण मला गाता वगैरे येत नाही. एथ्नोम्युझिकॉलॉजीबद्दल, म्हणजे संगीत आणि ते गाणारी-वाजवणारी माणसं यांच्या अभ्यासाबद्दल, नेटवर वाचलं आणि हेच करायचं असं डोक्यात बसलंय. घरी म्हणतात, घरचंच आहे की, त्यात कॉलेजात काय शिकणार? गाणं येत नसेल तर चालतं का आणि हे शिकायचं कुठे?

उत्तर: गाता येत नाही म्हणून अडू नकोस, पण वाद्य हातात घ्यायची तयारी हवी. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात याच विषयाचे प्राध्यापक मँटल हूड यांनी आग्रहच धरला की ज्या संगीताचा अभ्यास करायचा ते थोडंफार वाजवता आलं पाहिजे, म्हणून तिथली पोरं जावा बेटावरचं गॅमेलान (धातूच्या घंटा-पट्ट्यांचा वाद्यमेळ) वाजवायला बसली. तुझ्या तर घरातच गुरू आहे, संबळ शिकायला लाग. (पोरीच्या जातीला संबळ कशाला असं कोणी म्हणालंच तर तेही वहीत टिपून ठेव, तो पण अभ्यासाचाच मुद्दा आहे.)

आता घरच्यांचं म्हणणं. मामांना गोंधळ येतो हे खरंच, पण लग्नानंतर दारात घातलेला गोंधळ आणि स्टेजवरचा वीस मिनिटांचा गोंधळ यात ते काय गाळतात, का गाळतात, बिदागी कोण ठरवतं, नवीन पोरं शिकतायत का, हे विचारून नीट मांडणं हे वेगळं काम आहे आणि विद्यापीठात तेच शिकवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या, 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर बघ, ओवीसोबत बाईचं नाव, गाव, जात, काम, मुलंबाळं सगळं दिलंय. ते नसतं तर नुसती गाणी उरली असती, गाणारी कोण होती ते कळलंच नसतं.

कोर्सच्या नावावर अडून बसू नकोस. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि माझं विचारशील तर मानवशास्त्रात एमए केलंस तरी उत्तम, कारण गावात जाऊन माणसांशी बोलायची शिस्त तिथे लागते. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे मराठीतच भरपूर लिहून गेलेत, ते आधी वाच. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताच्या रेकॉर्डिंगचं मोठं अर्काइव्ह आहे, 1982 पासूनचं, तिथे एकदा जाऊन ये. पुढे लंडनला सोआस विद्यापीठ, तिथलं मास्टर्स वर्षभराचं पण खर्चिक, ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेत पीएचडीला बऱ्याच ठिकाणी फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो, पण पाच-सात वर्षं धरून चाल.

नोकऱ्या थोड्याच आहेत, ते घरी आत्ताच सांगून टाक.

आणि मामांचं रेकॉर्डिंग करशील तेव्हा तारीख, गाव, कोणाच्या घरी, साथीला कोण हे त्याच रात्री लिहून काढ, आणि त्यांना विचारल्याशिवाय यूट्यूबवर टाकू नकोस, मामा असले तरी.