तिला निबर कशाला करायचंय?

प्रश्न : माझी मुलगी पॅरामेडिकल कॉलेजातून इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स करते. सध्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत इंटर्नशिप चालू आहे. तिथले सीनियर नातेवाइकांसमोर ‘अक्कल गहाण ठेवलीस का’ म्हणून ओरडतात, शिव्याही देतात. रोज रडत घरी येते. मी म्हणतो, ही लाइन अशीच असते, सोस. ती कणखर कशी होईल? की लाइन बदलू?
– एक वडील, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘सोस’ हा शब्द मला फार लागला. दिवसभर बोलणी खाऊन पोरगी घरी येते आणि तुम्हीही त्या सीनियरचीच बाजू घेता. मग तिने सांगायचं कुणाला? तिला स्वतःला काय हवंय, याची एकही ओळ पत्रात नाही. रक्त बघून तिचे हात थरथरतात, की तो माणूस समोर आला की? आधी एवढं विचारा. माणसामुळे असेल, तर लाइन बदलायचं कारणच नाही. नर्सिंग वगैरे वाटा आहेतच, त्या कुठे पळून जात नाहीत.

‘जीव वाचवताना गोड बोलायला वेळ कुणाला’ हा समज मात्र डोक्यातून काढा. आवाज चढतो, मान्य. ‘सक्शन दे, लवकर!’ यात अपमान नाही. पण चांगल्या टीममध्ये सांगितलेलं औषध मोठ्याने परत उच्चारतात, ‘अ‍ॅड्रेनालिन एक मिलिग्रॅम, दिलं’, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते. तोंड उघडलं की शिवी खाणारी मुलगी डोस चुकतोय हे दिसूनही गप्प बसेल. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांच्या २४ टीमना बाळाच्या जागी बाहुली देऊन आजमावलं होतं. ज्यांना आधी थोडंसं टाकून बोललं गेलं, त्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. ते बोलणं तर शिवीइतकं कडवटही नव्हतं.

तिला रोजची तारीख, वेळ आणि नेमके शब्द वहीत लिहायला सांगा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात विद्यार्थ्याला शिवीगाळ करणंही येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. ही तक्रार पालकही करू शकतात. तिची तयारी असेल तर प्राचार्यांना अर्ज तुम्हीच लिहा, तिला वाचून दाखवा आणि खाली सही तुमची करा.