लाजवर्द की राजावर्त?

प्रश्न आला आहे: इराणी निळ्या-पांढऱ्या भांड्यांना ‘चिनी मातीची’ म्हणावं का, आणि त्यांच्यावरचा निळा रंग लाजवर्द नावाचा निळा दगड दळून करत का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. इराणातल्या काशान शहराच्या कुंभारांना केओलीन, म्हणजे खऱ्या चिनी मातीच्या भांड्यांना लागणारी पांढरी माती, मिळत नव्हतं. त्यांच्याच एका घराण्यातल्या अबुल कासिम काशानीने १३०१ साली कृती लिहून ठेवली आहे: १० भाग गारगोटीची पूड, १ भाग काचेची, १ भाग पांढरी माती. दिसायला चिनी, घडण वेगळी. प्रवासवर्णनांतून ‘इराणी चिनी माती’ वाचून कंटाळा आला, आता पुरे.

निळा रंग कोबाल्टचा. लाजवर्दाचा निळेपणा भट्टीच्या धगीत सहसा टिकत नाही. मग गोंधळ कुठून आला? काशानीने कोबाल्टच्या खनिजालाच लाजवर्द म्हटलं आहे. कारागीर त्याला सुलेमानी म्हणत, आणि ते काशानजवळच्या कमसर गावातून येई. म्हणजे नाव रत्नाचं, काम खनिजाचं!

आणि हे नाव काय फिरलंय! रत्न अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतलं, फारसीत लाजवर्द. अरबीतून ते युरोपात गेलं. तिथे सुरुवातीचा ‘ल’ लोकांना उपपद वाटला आणि त्यांनी तो सोडून दिला. उरलं ते स्पॅनिश-पोर्तुगीज ‘अझुल’, म्हणजे निळा. आपल्याकडे रसशास्त्राच्या (धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या शास्त्राच्या) ग्रंथांत हेच रत्न ‘राजावर्त’ म्हणून भेटतं. आमचे संस्कृताभिमानी विद्वान ‘राजन् + आवर्त’ अशी फोड करून फारसी शब्द त्यावरूनच निघाला म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. या दगडात राजाचा भोवरा कुठे आहे? माल बदख्शानहून आला, तर नावही मालाबरोबर आलं असणार. परक्या शब्दाला घरचा पोशाख चढवणं आपल्याला नवं नाही. ग्रीक मिनँडरचा आपण मिलिंद केलाच की. ‘ल’चा ‘र’ होणं तर त्याहून सोपं. राजावर्त म्हणजे संस्कृत कानाने ऐकलेला लाजवर्द, हे माझं ठाम मत आहे.

याच ‘अझुल’मुळे आणखी एक चूक चालते. गोव्यातल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशा पाहून लोक सांगतात, ‘अझुल म्हणजे निळा, म्हणून अझुलेजो.’ साफ चूक. तो शब्द अरबी ‘अज्-झुलैज’वरून आला, झुलैज म्हणजे झिलईची फरशी. हिरवी-पिवळी फरशीसुद्धा अझुलेजोच असते.