घरच्या गॅरेजमध्ये पहिलीच हॉट रॉड (जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवून बांधलेली गाडी) बांधायची आहे. नियोजन कसं करावं आणि इंजिन कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत राहता, दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे, हाताशी १५ हजार डॉलर आणि दोन वर्षं आहेत. आजवर ऑइल बदलणं आणि ब्रेक पॅड यापलीकडे गेला नाहीत. १९३० च्या आसपासची फोर्ड मॉडेल ए घ्यायचीय, पण इंजिन ठरत नाही म्हणून सगळं अडलंय. इंजिन ठरत नाहीये हे उत्तम झालं. इतक्यात ठरवूही नका.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात काकांचं लेथचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथेच. आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये आहे आणि घरच्या गॅरेजमध्ये एक मॉडेल ए बांधून झालीय. दोन वर्षांत होईल म्हटलं होतं, पाच लागली. त्यातलं एक वर्ष तर निव्वळ उलट्या क्रमाने काम केल्यामुळे गेलं. स्वस्तात मिळालं म्हणून सगळ्यात आधी इंजिन आणलं होतं मी. तीन हिवाळे ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं आणि बायको त्यावर कपड्यांची टोपली ठेवायची.

पहिलं काम कागदांचं. मॉडेल ए (१९२८ ते १९३१) मध्ये गाडीचा नंबर म्हणजे इंजिनचाच नंबर. तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला ठोकलेला असतो आणि तोच चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीच्या, डाव्या रुळावर, पण बॉडीखाली झाकलेला. नव्वद वर्षांत इंजिन एकदा तरी बदललेलं असतं, त्यामुळे कागदावर एक नंबर आणि बॉडी उचलली की चासीवर दुसराच, असं सर्रास होतं. आपल्या राज्यात अशा गाडीची नोंदणी कशी होते, तपासणी कोण करतं, कुठल्या भागांच्या पावत्या लागतात, हे पैसे देण्याआधी वाहन नोंदणी खात्यात जाऊन विचारा. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात तर अशा बांधीव गाड्यांना धुराच्या नियमांतून सूट देणारे वर्षाला फक्त ५०० दाखले निघतात. (पुण्या-मुंबईतून हे वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल नोंदणीच्या गाडीत चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा हा सगळा खटाटोप अमेरिकेपुरताच समजा.)

फोर्डच का, असं कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून: त्या काळातल्या शेवरोलेच्या बॉडीत आतला सांगाडा बराचसा लाकडाचा. वरून पत्रा चकचकीत दिसतो, दार उघडलं की बिजागरीपाशी भुसा. फोर्डमध्ये लाकूड त्या मानाने कमी. शिवाय मॉडेल ए पन्नास लाखांच्या जवळपास बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवायची, १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून संघटना काढली, तेव्हाही हाताशी स्वस्तात येणारी गाडी फोर्डच होती. ओहायोतच ब्रुकव्हिल गावात मॉडेल एच्या नव्या स्टीलच्या बॉडी बनतात. बघायला जरूर जा, पण तुमच्या बजेटचा मोठा घास तिथेच जाईल. त्यापेक्षा कुणाची तरी अर्धवट सोडलेली गाडी शोधा. अशा पुष्कळ असतात, कारण बहुतेकांनी आधी इंजिन घेतलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. सुरुवात टायरपासून करायची.

हे मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. ते डाय बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेले. मी चासी घोड्यांवर ठेवून इंजिन कुठे बसवू म्हणून मापं घेत होतो. ते आले, कॉफीचा मग माझ्या टूलबॉक्सवर ठेवला आणि विचारलं, "गाडी उभी कशी राहणार आहे?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी माझ्याकडून रिम आणि टायर आणवले, चासीच्या चार कोपऱ्यांना उभे केले, चासीखाली लाकडाचे ठोकळे कमी-जास्त करत राहिले आणि मला गॅरेजच्या दारात उभं राहून बघायला लावलं. पुढे जराशी झुकलेली, मागून उचललेली. तासभर हेच. मनासारखी उंची मिळाल्यावर त्यांनी पुढच्या रिमच्या तळापासून मागच्या रिमच्या तळापर्यंत लाइनदोरी ताणली आणि म्हणाले, "या दोरीच्या खाली तुझ्या गाडीचं काहीही लोंबता कामा नये. टायर फुटला तर गाडी रिमवर बसते, त्या वेळी ऑइलचं चेंबर रस्त्याला घासायला नको." मी आधी ठरवलेल्या जागी इंजिन बसवलं असतं तर चेंबर दोरीच्या बोटभर खाली आलं असतं.

एकदा टायर आणि उंची ठरली की बाकीचं आपोआप मागे येतं. मागच्या टायरचा व्यास २८ इंच आणि ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.५० धरा. वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात असं मानलं, तर ताशी ६० मैलांना इंजिन साधारण २,५०० फेऱ्यांवर असेल. तेच ४.११ रेशोला जवळजवळ ३,००० होतात आणि हायवेवर शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. म्हणजे टायरवरून ॲक्सल, ॲक्सलवरून शाफ्टचा कोन, आणि त्या कोनावरून गिअरबॉक्स व इंजिन किती वर-खाली, किती पुढे-मागे.

तरीही इंजिनचं विचारलंच आहे तर सांगतो. शेवरोलेचं ३५० घनइंची इंजिन आणि त्याच घराण्यातला टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रसिक नाकं मुरडतील, मुरडू द्या. रविवारी संध्याकाळी काही मोडलं तरी ज्याचा भाग कुठल्याही दुकानात मिळतो, ते इंजिन पहिल्या गाडीला बरं. एकच गोम आहे. त्याचा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) मागच्या टोकाला असतो, त्यामुळे मॉडेल एच्या आखूड नाकात तो थेट ड्रायव्हरसमोरच्या पत्र्यावर आदळतो आणि पत्र्याला खळगा पाडावा लागतो. फोर्डच्या ३०२ इंजिनात डिस्ट्रिब्यूटर पुढे असतो. ज्यांना पत्र्याला हात लावायचा नाही ते तिकडे वळतात. चासीचं मात्र विसरू नका. ती ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी बनलेली, पन्हळीसारखी उघडी. आतून पट्टी जोडून तिची पेटी करावीच लागते.

आता माझी घोडचूक. चासी तयार झाली आणि मला राहवेना, म्हणून काळं पावडर कोटिंग करून आणलं. दिसायला असं की हात फिरवत बसावं. मग बॉडी चढवली, सायलेन्सरचा पाइप वळवायला घेतला आणि लक्षात आलं की पाइपला जायला एकच वाट आहे, आणि तिथे मी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बसवलाय. पाइपच्या आचेनं ब्रेक ऑइल उकळलं की पेडल सरळ फरशीला. ब्रॅकेट कापून हलवायची म्हणजे नव्या कोटिंगवर ग्राइंडर. तो जळका वास आठवडाभर गॅरेजमधून गेला नाही. म्हणून सांगतो, आधी सगळी गाडी उघड्या लोखंडात उभी करा. सीट, पेडल, पाइप, वायरी, रेडिएटर, दारं लागतात का, तुमचे गुडघे स्टीअरिंगला अडतात का, सगळं बघा. ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याची कापा, मग पत्र्याची. वेल्डिंगचे फक्त टाके मारा. गाडी त्या अवतारात सुरू करून गॅरेजबाहेर काढा, मगच सुटी करा आणि रंगाचं बघा.

ब्रेकमध्ये हौस नको. मूळ गाडीला सळयांचे ब्रेक आहेत. फोर्डनं हायड्रॉलिक दिले ते १९३९ मध्ये, आणि जुने हॉट रॉडवाले तेच ब्रेक शोधून लावायचे. तुम्ही पुढे-मागे वेगळी लाइन असलेला दुहेरी मास्टर सिलिंडरच घ्या. तो फरशीखाली, म्हणजे चाकांवरच्या ब्रेकपेक्षा खाली बसणार असेल, तर ऑइल उलटं वाहून येऊ नये म्हणून लाइनमध्ये दाब धरणारे व्हॉल्व्ह लागतात: डिस्क ब्रेकला २ पीएसआय (दाबाचं माप), ड्रम ब्रेकला १०. तांब्याची नळी ब्रेकला कधीही नको, थरथरीनं ती तडकते.

वेल्डिंग कम्युनिटी कॉलेजमध्ये एक सत्र रीतसर शिका. चासीचे मुख्य जोड मात्र पहिल्या गाडीत जाणकाराकडूनच करून घ्या. मी स्वतःचे स्वतः केले, मग एक कापून तपासला आणि उरलेले सगळे दुसऱ्याकडून करून घेतले. आणि एक गोष्ट कुणी आवर्जून सांगत नाही: क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या लोखंडावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. लहानपणी चकची चावी तशीच ठेवून लेथ सुरू करायला गेलो म्हणून काकांनी पाठीत धपाटा घातला होता. ब्रेक क्लीनरबद्दलही तसाच समजा.

पैशांतले पाच हजार आजच बाजूला काढा आणि ते नाहीतच असं धरून चाला. नट-बोल्ट, नळ्या, वायरी, गास्केट, ग्राइंडरच्या चकत्या यांतच ते जातात.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा घराभोवती एकच चक्कर मारा आणि परत येऊन प्रत्येक नट पान्यानं तपासा. मी चक्कर मारली तेव्हा आजोबा मागून चालत होते, हातात तोच मग. मी म्हटलं, बसा की शेजारी. म्हणाले, मागे काय पडतंय ते कुणीतरी बघायला हवं. परत आलो तर त्यांच्या मगात एक नट होता. सायलेन्सरच्या क्लॅम्पचा निघाला.