तामालचा तमालपत्राशी काही संबंध आहे का?

अमेरिकेत सॅन अँटोनिओला राहणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय. तिची मेक्सिकन शेजारीण ख्रिसमसच्या आधी अख्खं घर गोळा करून तामालेस करते, म्हणजे मक्याचं पीठ पानात बांधून करायचा पदार्थ, यंदा हिलाही बोलावलंय. घरी कुणीतरी म्हणालं की पानात गुंडाळतात म्हणजे हा शब्द आपल्या तमालपत्रावरूनच गेला असणार. ते खरं का? आणि नग एकच असेल तर त्याला 'तमाले' म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर, नाही, अजिबात संबंध नाही. आपला तमाल हा संस्कृत शब्द, गडद सालीचं झाड, तो तमस्शी जोडतात, आणि तमालपत्र म्हणजे त्याचं पान. हा शब्द परदेशी गेला हे मात्र खरंय, पण पश्चिमेला, ग्रीक व्यापाऱ्यांनी त्याचं 'मालाबाथ्रोन' केलं आणि पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी वाटाड्यात तो मिळतो. तिथून मेक्सिकोला जायची काही वाट नाही.

तामाल आला नाहुआत्ल भाषेतून, म्हणजे अझ्टेक लोकांची भाषा, आजही मेक्सिकोत लाखो लोक बोलतात. मूळ शब्द तामाल्ली. शेवटचं ली हा नामाला लागणारा प्रत्यय, तोच दुसरीकडे त्ल होतो, तोमात्ल, आवाकात्ल, त्यातूनच टोमॅटो आणि अवोकाडो आले. स्पॅनिशमध्ये येताना ली गळला, उरला तामाल. आणि गंमत म्हणजे पानाचा अर्थ या शब्दात कुठेच नाही! कणसावरच्या ज्या वाळक्या पानात तो बांधतात त्याला वेगळाच शब्द आहे, तोतोमोश्त्ले, आणि मेक्सिकोतल्याच वाहाका, युकातानकडे तर केळीचं पान वापरतात तरी नाव तामालच. म्हणजे नाव आतल्या पिठाचं आहे, वरच्या पानाचं नाही.

हे पीठ समजून घेण्यासारखं आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालं सुटतात, मग धुऊन वाटतात. या मक्याला निश्तामाल म्हणतात, नेश्त्ली म्हणजे राख आणि पुढे तोच तामाल्ली. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या युरोपातल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, व्हायचा, कारण मका त्यांनी नेला पण चुन्याची ही रीत नेलीच नाही.

सणाशी तर या शब्दाची गाठ फार जुनी. बेर्नार्दिनो दे साआगून या स्पॅनिश मिशनऱ्याने १६व्या शतकात नाहुआत्ल बोलणाऱ्या लोकांकडून जे टिपून घेतलं त्यात दर आठ वर्षांनी येणाऱ्या एका सणाचं नाव आहे, आतामाल्कुआलिस्त्ली. फोड केली तर आत्ल म्हणजे पाणी, मग तामाल्ली, आणि कुआलिस्त्ली म्हणजे खाणं. पाण्यातले तामाल खायचे, त्यात ना मीठ, ना मिरची, ना चुना, कारण एरवी आपण मक्याला हे सगळं लावून छळतो, तर त्याला विसावा मिळावा म्हणून. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. धान्याला दमायला होतं असं मानणारी माणसं ती!

आता उच्चार आणि वचन. स्पॅनिशमध्ये एक तामाल, अनेक तामालेस, जोर शेवटच्या माल वर. इंग्रजीत लोकांनी अनेकवचनातला नुसता स काढला आणि तमाले असं एकवचन बनवलं, त्यामुळे ते रूढ असलं तरी शेजारणीकडे एक तामाल म्हण, तिला बरं वाटेल. मराठीत मी तो तामाल, दोन तामाल असंच लिहीन, दगड, दोन दगड तसं, आपल्याला मुळात ते स लावायचं कारण नाही. आणि पहिलं अक्षर ता दीर्घ ठेवायचं, एकतर स्पॅनिश आ तसाच असतो आणि दुसरं म्हणजे झाडाशी घोळ होत नाही.

सगळ्यांनी मिळून तामाल करायचे त्या बैठकीला तामालादा म्हणतात, हा शब्द जरूर वापर. त्यांच्यात एक म्हण पण आहे, जो तामाल व्हायला जन्मला त्याच्यासाठी आभाळातून पानं पडतात, जे नशिबात असेल त्याची सोय होतेच अशा अर्थाने. तिथे पानांचा उल्लेख येतो तो असा.

आणि हो, आपल्याला खरंच नाहुआत्लकडून मिळालेला शब्द हवा असेल तर चिकू घे, तो त्यांच्या चिकोसापोतेवरून आलाय.

६ जानेवारीला शेजारणीने रोस्का, म्हणजे त्या दिवशीचा गोड पाव, कापला आणि त्यातली छोटी बाहुली तुझ्या तुकड्यात आली तर २ फेब्रुवारीच्या कांदेलारिया या ख्रिस्ती सणाला तामाल तू द्यायचे असतात. तेव्हा कणसाची पानं आदल्या रात्रीच भिजत घाल, कोरडी असली की घडी घालताना फाटतात.