वाचकांचे प्रश्न : गावातील जुनी वास्तू आणि संरक्षणाचा कायदा

मराठवाड्यातील मंदिरे, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), गढ्या आणि किल्ले यांच्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ तालुके दिले आहेत.

प्रश्न : आमच्या गावातील हेमाडपंती मंदिर ‘पुरातत्त्व खात्याकडे’ आहे, असे लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात तेथे फलक नाही, चौकीदार नाही. ते खरोखर संरक्षित आहे की नाही, हे कसे समजावे? (एक शिक्षक, भोकरदन तालुका)

पुरातत्त्व खाते म्हणताना आपण दोन वेगळ्या यंत्रणांना एकाच नावाने हाक मारतो, आणि बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हा केंद्र सरकारचा विभाग 1958 च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके सांभाळतो. अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा आणि आपल्याच तालुक्यातील अन्वा येथील मंदिर ही त्याच्याकडची स्मारके होत. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय 1960 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार काम करते, आणि नळदुर्ग, औसा, उदगीर व कंधारचे किल्ले, धाराशिवची लेणी अशी स्मारके त्याच्या अखत्यारीत येतात. केंद्र संरक्षित स्मारके देशभरात सुमारे 3,700 आणि महाराष्ट्रात 285 च्या आसपास आहेत, तर राज्य संरक्षित स्मारके पावणेचारशेच्या आसपास आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील गावे आणि जवळजवळ प्रत्येक गावाशेजारी दिसणारे जुने अवशेष लक्षात घेतले, तर त्यांतले बहुतेक कोणत्याच यादीत नाहीत हे उघड आहे.

फलक असणे वा नसणे हा पुरावा नव्हे. पुरावा एकच, तो म्हणजे राजपत्रातील अधिसूचना. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते, आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना निघाली तरच वास्तू संरक्षित ठरते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे संचालनालयाची विभागीय कार्यालये आहेत. तेथे गावाचे नाव व गट क्रमांक देऊन लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच मागावे.

जाता जाता एक विनंती. अशा अर्जात केवळ ‘हेमाडपंती’ असे लिहू नये. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि मराठवाड्यातील कितीतरी मंदिरे त्याच्याही आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील आहेत. चुन्याविना दगडात दगड बसवलेल्या प्रत्येक मंदिराला आपण त्याचे नाव दिले, आणि त्यामुळे मंदिराचे खरे वय विचारण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. त्यापेक्षा खांब किती, गर्भगृहे किती, द्वारशाखेवर, म्हणजे दाराच्या चौकटीवर, काय कोरले आहे, शिलालेख आहे का, एवढे साधेपणाने लिहिले तरी अर्ज अधिक उपयोगी ठरतो.

प्रश्न : संरक्षित स्मारकांची यादी मुळात केली कोणी? इंग्रजांचा कायदा तर निजामाच्या मुलखात लागू नव्हता. (एक निवृत्त कर्मचारी, कंधार तालुका)

आपले म्हणणे बरोबर आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात प्राचीन स्मारकांच्या जतनाचा 1904 चा कायदा होता. हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये स्वतःचे पुरातत्त्व खाते स्थापन केले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि पुढे संस्थानाने स्वतःचा संरक्षण कायदाही केला. अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करण्यासाठी याच खात्याच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावण्यात आले होते. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1951 च्या केंद्रीय कायद्याने संस्थानी मुलखातील महत्त्वाची स्मारकेही राष्ट्रीय यादीत आली. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा उरलेल्या स्मारकांची जबाबदारी राज्याकडे गेली.

प्रश्न : आमचे राहते घर एका केंद्र संरक्षित स्मारकाजवळ आहे. पावसाळ्यात भिंत खचली. शंभर मीटरच्या आत वीटसुद्धा लावता येत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. हे खरे का? (एक गृहिणी, खुलताबाद तालुका)

हे अर्धेच खरे आहे. 1958 च्या अधिनियमात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. हे अंतर संरक्षित हद्दीपासून मोजले जाते, म्हणून ती हद्द कोठे संपते याचा नकाशा आधी मागून घ्यावा. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही आणि जुन्या घरावर मजलाही चढवता येत नाही. परंतु 16 जून 1992 पूर्वीच्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. नाल्या, सार्वजनिक शौचालये, गावाचा पाणीपुरवठा आणि वीज यांची कामे तर ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतूनच वगळलेली आहेत. आपला अर्ज प्राधिकाऱ्याने पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करावी, आणि त्यानंतर महिनाभरात निर्णय द्यावा, असे कायदाच सांगतो. अर्जासोबत भिंतीची छायाचित्रे आणि घर 1992 पूर्वीचे असल्याचा ग्रामपंचायतीचा जुना कर-उतारा जोडावा. ज्यांच्या डोक्यावर गळके छप्पर आहे त्यांना तोंडी नकार देऊन परत पाठवणे हा या कायद्याचा हेतू नाही.

प्रश्न : ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार करायचा आहे. एक देणगीदार ऑइल पेंट, फरशी आणि सिमेंटचा खर्च द्यायला तयार आहेत. गाव उत्साहात आहे, मला मात्र शंका वाटते. (एक ग्रामपंचायत सदस्या, निलंगा तालुका)

आपली शंका योग्य आहे, आणि ती ग्रामसभेत मांडण्याचे बळ आपल्याला मिळावे म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

मंदिर संरक्षित असेल, तर परवानगीशिवाय रंग लावणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. केंद्र संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मंदिर कोणत्याच यादीत नसेल तर अशी अडचण येणार नाही. तरीही काम करू नये असे मी म्हणते, याची कारणे दगडात आहेत.

जुन्या बांधकामात भिंतीत शिरलेले पाणी सांध्यांतून आणि चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने सांधे बुजवले, की पाण्याची ती वाट बंद होते. ओल आत कोंडते, तिच्यातील क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठून स्फटिक होतात, आणि काही वर्षांत कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइल पेंटचेही तेच. रंगाचा थर दगडावर घट्ट बसतो, बारीक नक्षी भरून टाकतो, आणि पुढे तो काढण्यासाठी कोणीतरी वाळूचा फवारा मारणारे यंत्र आणतो. त्या फवाऱ्याने रंग जातो, त्याबरोबर छिन्नीची खूण आणि शिलालेखाची अक्षरेही जातात. मी एका गावात असा दानाचा शिलालेख पाहिला आहे. वर सूर्य-चंद्र ओळखू येत होते, खाली दान मोडणाऱ्याला शाप देणारी गद्धेगाळीची आकृती होती, आणि मधल्या ओळी गुळगुळीत झाल्या होत्या. दान कोणी दिले आणि कोणाला दिले, हे आता त्या गावाला कधीच कळणार नाही.

फरशीने दुसरेच नुकसान होते. मूळ जोते आणि पायऱ्या झाकल्या जातात, अंगणाची पातळी वर येते, आणि पावसाचे पाणी मंदिराबाहेर जाण्याऐवजी आत वळते.

देणगी मात्र नाकारू नये. तिचा विनियोग बदलावा. शिखरावर आणि भिंतींत उगवलेली वड-पिंपळाची रोपे मुळे जाड होण्याआधी काढणे, मंदिराभोवतीची माती उपसून पाण्याला उतार देणे, सांधे भरायचेच असतील तर जाणकार गवंड्याकडून चुन्यात भरून घेणे, आणि इतस्ततः पडलेले वीरगळ, सतीशिळा व भग्न मूर्ती एका जागी ओट्यावर नीट उभ्या करणे, ही कामे त्याच पैशात होतात. देणगीदारांना नावाची पाटी हवी असल्यास ती ओट्याला लावावी, मंदिराच्या भिंतीला लावू नये. त्यांना आणि गावाला एकदा देगलूर तालुक्यातील होट्टलला घेऊन जावे, हे माझे मनापासूनचे सांगणे आहे. तेथील चालुक्यकालीन मंदिरांचे जतन कसे झाले आहे ते पाहिल्यावर उघड्या दगडाचे देखणेपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न : आम्ही तरुणांनी श्रमदानातून गावची बारव उपसली. गाळात एक मूर्ती आणि काही नाणी निघाली. बारव संरक्षित व्हावी असे आम्हाला वाटते, पण वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘सरकारला कळवले की बारवही गेली आणि देवही गेला.’ काय करावे? (एक तरुण वाचक, जिंतूर तालुका)

आधी मूर्ती आणि नाणी. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देणे भूमिगत ठेव्यांविषयीच्या 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ही अट दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याला लागू होते, म्हणजे व्यवहारात सर्वच ठेव्यांना. तहसील कार्यालयामार्फत आजच अर्ज द्या आणि पोच घ्या. तोपर्यंत मूर्ती घासू नका, तिला शेंदूर लावू नका, नाणी चिंचेने किंवा आम्लाने उजळवू नका. ती कोणत्या पायरीजवळ, किती खोलीवर मिळाली, हे आठवते तोवर लिहून काढा. जागा माहीत असलेली वस्तू अभ्यासकाला जे सांगते, ते जागा हरवलेली वस्तू सांगू शकत नाही.

वडीलधाऱ्यांची भीती मी हलकी मानत नाही. मूर्ती संग्रहालयात जाऊ शकते, हे त्यांना स्पष्ट सांगावे. बारवेबाबत मात्र त्यांचा समज दुरुस्त करायला हवा. वास्तू संरक्षित घोषित झाल्याने तिची मालकी आपोआप सरकारकडे जात नाही. मालकाशी करार करून जतन करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पूजास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर होऊ नये असे बंधन उलट सरकारवरच आहे. बदल होतो तो एवढाच, की पुढे कोणी पायऱ्यांचे दगड उचलून नेऊ लागला किंवा बारव बुजवून दुकानगाळे काढू लागला, तर त्याला कायद्याने अडवता येते.

प्रस्तावासाठी ग्रामसभेचा ठराव, सातबारा उतारा, चारही बाजूंची छायाचित्रे आणि एक साधा मोजमाप नकाशा तयार करा. पायऱ्या, टप्पे, कोनाडे मोजा. कोनाड्यांतील मूर्ती कोणत्या क्रमाने आहेत ते लिहा. बारवेला गाव कोणत्या नावाने ओळखते आणि लग्नानंतर जलदेवतांच्या पूजेला बायका तेथे जात असत का, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून नोंदवा. निर्णयाला वेळ लागतो आणि काही प्रस्ताव मान्य होत नाहीत. तरीही ही वही वाया जात नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, मिळणाऱ्या मृण्मय मूर्ती, मणी, नाणी वर्षानुवर्षे जमवून जपली. रोमशी व्यापार करणाऱ्या प्राचीन तगर नगराचा, म्हणजे आजच्या तेरचा, तो पुरावा आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो.

वहीच्या तीन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्या. पावसाळ्यापूर्वी बारवेच्या काठावरची सैल माती हटवून तेथे तात्पुरते कुंपण घाला, कारण उपसलेल्या बारवेत लहान मूल पडण्याचा धोका आता पूर्वीपेक्षा अधिक आहे.